सरसकट तेल बंद नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हृदयविकाराच्या धास्तीने आपल्या सीमाभागातल्या घराघरांत तेलावर बंदी येऊ लागली आहे. घरातलं कुणी छातीत दुखून दवाखान्यात जाऊन आलं, की भाजी बिनतेलाची होते आणि ताटातली शेंगाची, जवसाची, कारळ्याची चटणी आधी जाते. चहाबरोबरची खारी मात्र 'हलकं खाणं' म्हणून सुरूच! हे अगदी उलटं चाललं आहे, म्हणून हे पत्र.

शेंगा, करडई, जवस, कारळे यांतला मेद मुख्यतः असंतृप्त, म्हणजे एरवी पातळ राहणारा असतो. वनस्पती तूप, लोणी, पाम तेल यांत संतृप्त, म्हणजे गार झाल्यावर थिजणारा मेद भरपूर, आणि खारी बहुधा यांतल्याच कशात तरी बनते. पाम तेलात तो जवळपास निम्मा, शेंगतेलात साधारण पाचवा हिस्सा, करडईत त्याहूनही कमी. संतृप्त मेद वाढला की रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उचलून घेण्याचं यकृताचं काम मंदावतं. त्या जागी असंतृप्त मेद आला की ते सुधारतं. 'त्या जागी' हे महत्त्वाचं. खारी तशीच ठेवून वर चार चमचे करडईचं तेल ओतलं तर वजन तेवढं वाढेल.

जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ हा हृदयाला चांगला मानला जाणारा असंतृप्त मेद असतो. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावं, लसूण-मिरची घालून कुटावं. अख्खं खाल्लं तर बरंचसं न पचताच बाहेर पडतं. चटणी थोडी थोडीच करावी, लवकर खवट होते. मीठ मात्र बेताचं हवं, आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करायच्या नाहीत.

तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करताना (हायड्रोजनेटेड) तयार होणारं ट्रान्स फॅट तर संतृप्त मेदाहून घातक, ते चांगलं कोलेस्टेरॉलही घटवतं. खाद्यतेलांत आणि त्यांपासून बनवलेल्या पदार्थांत त्याचं प्रमाण २ टक्क्यांपेक्षा जास्त नको, असा नियम २०२२ पासून देशभर आहे. पण सुट्टी खारी घेणाऱ्याला ते कसं कळणार? पाकिटावर छापलेलं असतं, तेही बारीक इंग्रजीत. खानापूर-निपाणीकडच्या खेड्यांतल्या किती आयाबायांना ते वाचता येईल?

आपल्या आरोग्य पुरवणीत पाकिटामागचा मजकूर कसा वाचायचा, 'पाम तेल', 'हायड्रोजनेटेड', 'मार्जरीन' (लोण्यासारखं घट्ट केलेलं तेल) हे शब्द कुठे शोधायचे, हे एकदा पाकिटाच्या फोटोसह मराठीत छापावं, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)