ऊसतोड मजुरांच्या बाळांची जन्मनोंद तळावरच व्हावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

साखर कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे गाळप हंगाम संपला, आणि ऊसतोड टोळ्या गावाकडे परतल्या की आमच्या पाटोदा तालुक्यात ग्रामपंचायतीच्या दारात एक प्रश्न दरवर्षी येऊन उभा राहतो. उसाच्या फडात जन्मलेल्या बाळाचा जन्मदाखला कुठून आणायचा? मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. बायका अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे येतात, म्हणून हा प्रश्न जवळून पाहते आहे. आपल्या वृत्तपत्राचे वाचक बीडमध्ये आहेत तसे कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातही आहेत, आणि या प्रश्नाचं उत्तर आमच्यापेक्षा तिकडेच जास्त आहे.

पूर्वी दाखल्यावाचून अडत नसे. पहिलीच्या हजेरीपटात निम्म्या पोरांची जन्मतारीख 1 जून असायची. बाप म्हणायचा, 'दुष्काळाच्या आदल्या साली झाला', आणि गुरुजी वर्षाचा अंदाज बांधून 1 जून लिहायचे. त्या तारखेवर माणसं नोकरीला लागली आणि त्याच तारखेच्या हिशोबाने निवृत्त झाली. आता ते दिवस संपले. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यात 2023 साली दुरुस्ती झाली आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून ती लागू आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणजे जन्मदाखला. शाळाप्रवेश, आधार, मतदारयादी, वाहन परवाना, लग्नाची नोंदणी, पासपोर्ट, सरकारी नोकरी, सगळीकडे तोच लागणार. शिक्षणहक्क कायद्याने वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, त्यामुळे पहिलीत मूल बसेल. पण पुढे प्रत्येक टेबलावर त्याला हाच कागद मागितला जाईल.

कायदा म्हणतो, जन्म जिथे झाला तिथल्या निबंधकाकडे 21 दिवसांत नोंद करा. दवाखान्यात बाळंतपण झालं तर कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची, घरी झालं तर कुटुंबप्रमुखाची. खेड्यात निबंधक म्हणजे ग्रामसेवक. आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. वेळेत नोंद झाली तर पहिला दाखला फुकट मिळतो. गावात राहणाऱ्याला हे सोपं आहे. तळावरच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहणाऱ्याला किती अवघड आहे ते एका उदाहरणावरून सांगते.

आमच्या गावातल्या एका बाईला जानेवारी 2024 मध्ये पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या तळावर मुलगी झाली. रात्रीची वेळ, टोळी आणणारा मुकादम जागेवर नाही, गाडी मिळेना. टोळीतल्याच एका जाणत्या बाईने बाळंतपण केलं. मजुरीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई बाजेवर, म्हणजे अर्धा कोयता बंद. त्यात नवऱ्याने ग्रामपंचायतीत जायचं म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, हिशोबात धरले जातात. तोडीला पहाटे अंधारात निघायचं, मोळ्या बांधून गाडी भरेपर्यंत सूर्य कलतो. तोपर्यंत कचेरी बंद. ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावं, ते आज या गावात का त्या गावात, हे परक्या मुलखातल्या माणसाला कोण सांगणार? एकवीस दिवस असेच गेले. टोळीचा तळही हलला.

एप्रिलमध्ये ते गावी आले. इथल्या ग्रामपंचायतीने सांगितलं, जन्म आमच्या हद्दीत नाही, आम्हाला नोंद घेता येत नाही. नियमाने ते बरोबरच आहे. मग जन्म कुठे झाला? बाई म्हणाली, 'कारखान्यावर.' कारखान्याचं नाव तिला माहीत, तोडीच्या चिठ्ठ्या देणारा चिटबॉय माहीत, ज्या विहिरीवरून पाणी आणलं ती विहीर डोळ्यांपुढे आहे. पण ती जमीन कोणत्या गावाच्या शिवारात येते हे टोळीत कुणालाच सांगता येईना. कारखान्याच्या शेतकी ऑफिसला फोन केला तर उत्तर आलं की मजूर मुकादमाचे, आमच्याकडे त्यांची नोंद नसते. मुकादम म्हणाला, माझा कागदपत्रांशी काय संबंध?

गाव सापडलं ते लसीकरणाच्या कार्डावरून. तळावर आलेल्या सिस्टरने बाळाला बीसीजी दिली होती आणि कार्डावर तारीख घालून उपकेंद्राचा शिक्का मारला होता. शिक्क्यावरून उपकेंद्र कळलं, उपकेंद्रावरून ग्रामपंचायत. म्हणजे त्या बाळापर्यंत सरकार पोचलं होतं. लसीची पेटी खांद्याला लावून उसाच्या सरीतून चालत एक बाई कोपीपर्यंत आली होती. तिच्या पिशवीत जन्माच्या माहितीचा नमुना 1 असता, तर त्याच दिवशी आई-बापाची नावं, तारीख, ठिकाण लिहून तो ग्रामपंचायतीत गेला असता. मला एवढंच मागायचं आहे, बाकीचं त्याच्या आधाराने येतं.

उशीर झाला की काय होतं तेही लिहिते, कारण त्याची कल्पना मजुरांना नसते. 21 दिवसांनंतर 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. 30 दिवस उलटले की वर्षभरापर्यंत जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी लागते, आणि जिल्हा म्हणजे जन्म झाला तो. वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. त्यासाठी आधी जन्मगावच्या ग्रामपंचायतीकडून 'अशी नोंद आढळत नाही' असा नमुना 10 मधला दाखला आणायचा. पाटोद्याहून तिकडे जाऊन यायचं म्हणजे दोन माणसांचं भाडं आणि बुडालेला रोज. या जोडप्याला हे सगळं जमवेपर्यंत वर्ष कधीच उलटून गेलं होतं.

त्यात 2025 च्या जानेवारीत बोगस दाखल्यांच्या तक्रारींवरून राज्य सरकारने उशिराच्या नोंदींचं काम काही काळ थांबवलं. मार्चमध्ये नवी, अधिक कडक कार्यपद्धती आली. पुरावे तपासायचे, पोलिसांचा अहवाल घ्यायचा. खोटे दाखले काढणाऱ्यांना चाप बसलाच पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही. पण कोपीत जन्मलेल्या मुलीच्या आईने पुरावा म्हणून काय दाखवायचं? दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड नाही, घरपट्टीची पावती नाही, साक्षीदार म्हणून टोळीतली माणसं, आणि पुढच्या हंगामात ती चार कारखान्यांवर पांगलेली. तपासणी जितकी कडक होईल, तितकी नोंद वेळेत होणं जास्त गरजेचं होत जातं. जन्मानंतर आठवड्याभरात तळावर घेतलेल्या नोंदीत कुणी खोटेपणा करू शकत नाही. बाळ समोर असतं, आई समोर असते.

यासाठी नवा कायदा करायची गरज नाही. 1969 च्या कायद्यात मळ्यांसाठी स्वतंत्र कलम आहे. चहा, कॉफी, रबर, वेलदोडा अशा मळ्यांत जन्म झाला तर तो निबंधकाला कळवण्याची जबाबदारी मळ्याच्या व्यवस्थापकावर, मजुरावर नाही. राज्य सरकार अधिसूचना काढून त्यात इतर पिकंही घालू शकतं. अडचण अशी की त्या व्याख्येत मळा निदान चार हेक्टरांचा हवा आणि आपल्याकडे ऊस गुंठ्यांच्या तुकड्यांत उभा असतो. म्हणून ते कलम जसंच्या तसं लावता येणार नाही, हे मला कळतं. पण त्यामागचा विचार साधा आणि न्यायाचा आहे. ज्याच्या कामासाठी माणसं घर सोडून आली, त्याने त्यांच्या लेकराची खबर द्यावी. चालत्या वाहनात जन्म झाला तर वाहन ज्याच्या ताब्यात आहे त्याने खबर द्यायची, हेही त्याच कायद्याखालच्या नियमांत आहे. मग टोळी ज्याच्या ताब्यात आहे त्या मुकादमावर आणि ज्या कारखान्यासाठी ती तोडते त्याच्या शेतकी अधिकाऱ्यावर ही जबाबदारी का नको? याच कायद्यात मुख्य निबंधकांच्या मान्यतेने ठरावीक भागापुरता उपनिबंधक नेमण्याची सोय आहे. कारखाना क्षेत्रातल्या उपकेंद्राच्या सिस्टरला हंगामापुरते ते अधिकार दिले, तर तिने लस द्यावी आणि नोंदही घ्यावी. त्या बायांवर आधीच कामाचा डोंगर आहे, म्हणून या कामाचा वेगळा मोबदला त्यांना मिळाला पाहिजे. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडे टनामागे जमा होणारा पैसा आहे. तो यापेक्षा चांगल्या कामाला कुठे लागणार?

आमच्या बाजूलाही करण्यासारखं आहे. टोळ्या दसऱ्या-दिवाळीला निघतात तेव्हा कोणती बाई कितव्या महिन्यात आहे हे अंगणवाडीच्या आणि आशाताईंच्या वहीत लिहिलेलं असतं. ती यादी, प्रत्येक बाई ज्या कारखान्यावर जाणार तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवली, तर बाळंतपण कोपीत होण्याची वेळच कमी येईल. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाची नोंद होते, पण नावाचा रकाना कोरा राहतो. नाव वर्षाच्या आत घातलं तर पैसे लागत नाहीत, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येतं. नाव नसलेला दाखला शाळेत कुणी धरत नाही. हे मजुरांना कुणीतरी निघण्याआधी सांगायला हवं. ऊसतोड कामगारांच्या ओळखपत्रांच्या कामासाठी ग्रामसेवक त्यांच्या दारी जातातच.

ऑक्टोबर 2023 नंतरच्या हंगामांत जन्मलेली पहिली मुलं 2029-30 च्या सुमारास पहिलीत येतील. त्यांच्या बाबतीत हातात थोडा वेळ आहे. तोवर कारखाना क्षेत्रात शिबिरं घेऊन मागच्या हंगामांच्या नोंदी पुऱ्या करता येतील. पुढच्या गाळपाआधी मात्र आरोग्य, ग्रामविकास आणि सहकार या तिन्ही खात्यांनी मिळून आदेश काढावा, ही विनंती. एकेकट्या खात्याने काढलेला कागद दुसऱ्या खात्याचा माणूस पाहत नाही, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

आणि उसाच्या पट्ट्यातल्या शेतकरी बांधवांना एक मागणं. तुमच्या रानात टोळी उतरली आणि तिथे बाळ जन्मलं, तर गावाचं नाव, गट नंबर, तारीख आणि आई-बापाची नावं एका कागदावर लिहा, खाली सही आणि फोन नंबर घाला. एक प्रत आईच्या हातात द्या, दुसरी तुमच्या ग्रामपंचायतीत पोचती करून शिक्का घ्या.

– एक निवृत्त मुख्याध्यापिका,
ता. पाटोदा, जि. बीड