दिन्यास, वैजूच्या नाकावरून

कोथरूड, पुणे
कोजागिरीनंतरचा रविवार

प्रिय दिन्या,

आठ महिने पत्र नाही आणि तुझे तीन मेसेज तसेच पडून. आधी शिव्या घालून घे, मग पुढे वाच. गुडघा होता तसाच आहे, साखर बरी.

कारण वैजू. तिने बेडरूमच्या दाराखालच्या फटीत ओला टॉवेल खोचलाय. समोरच्यांची उदबत्ती, जिन्यातलं फिनेल, खालच्या फ्लॅटमधलं फर्निचरचं पॉलिश आणि आता फाटकाजवळची सातवीण फुललीय. कपाळ ठणकतं, घसा जळतो, डोक्यात कापूस भरल्यासारखं होतं म्हणते. नंदू फ्लॅट विकून मुळशीला जाऊ म्हणतोय. तिथे शेजारी पोल्ट्री निघाली तर, हे मी विचारलं नाही.

गेल्या दिवाळीत तू "मनाचे खेळ" म्हणालास आणि मी हसलो. ते तिने ऐकलं होतं. म्हणून हे तुलाच लिहितोय. दोघांच्या खात्यावरचं आहे.

मनाचे खेळ नाहीत, दिन्या. पण तिचं नाक तीक्ष्ण झालंय हेही खरं नाही. वासांनी असा त्रास होणाऱ्या लोकांना ('मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी' म्हणतात याला) किती सौम्य वास कळतो हे मोजलं, तर बहुतेकदा ते तुझ्यामाझ्याइतकंच निघतं. फरक त्याच्या पुढे पडतो. तोच वास त्यांना जास्त नकोसा वाटतो, आणि आपल्याला थोड्या वेळाने जाणवेनासा होतो तसा त्यांना होत नाही. शिवाय नाकात वासाच्या नसेखेरीज ट्रायजेमिनल नस असते. कापूर, अमोनिया, मिरचीचा खाट तिला झोंबतो. जळजळ त्या वाटेने येते.

२००६ साली दास-मुन्शी, रुबिन आणि वेस्ली यांनी अशा लोकांना कधी रसायन, कधी साधी हवा हुंगायला देऊन केलेल्या चाचण्यांचा आढावा घेतला. वास झाकला की रसायन कुठलं आणि साधी हवा कुठली हे या लोकांना ओळखता येत नाही, आणि साध्या हवेनेही त्रास होतो. आता "बघ, म्हणालो होतो" म्हणू नकोस. गाडीचा अलार्म मांजर चढलं तरी वाजतो, पण गल्लीची झोप मोडते ती मोडतेच. १९९६ च्या बर्लिनच्या बैठकीत याला 'इडिओपॅथिक' असं नाव सुचवलं गेलं, म्हणजे 'कारण ठाऊक नाही' हे भारदस्त भाषेत.

मी तिला पहिला प्रश्न वासाचा विचारलाच नाही. बाथरूममध्ये गॅस गीझर आहे का, हे विचारलं. आहे, आणि थंडी वाजते म्हणून खिडकी बंद! कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकेदुखी, गरगर, मळमळ तो गुपचूप देतो, आणि जीवही घेतो. आंघोळीनंतर दुखतं का, नंदूचंही दुखतं का, बाहेर पडल्यावर थांबतं का, हे आधी बघायचं. गीझर आतून काढून बाहेर उघड्यावर न्यायचा, तोवर वापरायचा नाही. मग छातीच्या डॉक्टरांकडे स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी, दमा आहे का यासाठी. आणि अर्धशिशी: तिच्या झटक्यात वास सोसत नाहीत, हे कित्येकांना माहीतच नसतं.

त्यानंतर वही. दोन आठवडे घरात काही बदलायचं नाही, फक्त लिहायचं: वेळ, जागा, कसला वास, किती मिनिटं, त्रास ० ते १० मध्ये किती, उतरायला किती वेळ, आदल्या रात्रीची झोप. झोपेचा रकाना ती गाळणार, मला माहीत आहे. तोच महत्त्वाचा. क्लॉडिया मिलर यांची प्रश्नावलीही भरून घेतोय: चार मुख्य भाग, प्रत्येकात १० प्रश्न, प्रत्येकाला ० ते १० गुण. रसायनांच्या आणि लक्षणांच्या, दोन्ही भागांत १०० पैकी ४० किंवा जास्त आले तर मामला गंभीर धरतात.

मग एकेक वस्तू बाहेर. कपाटातल्या डांबरगोळ्या आधी, नंतर रूम फ्रेशनर, मग सुवासिक साबण-पावडर. सगळं एकदम काढलं तर कशाने फरक पडला ते कळत नाही. पॉलिश हाताला सुकलेलं लागलं तरी त्यातून वाफ आठवडेच्या आठवडे निघते आणि उन्हाळ्यात जास्त, म्हणून समोरासमोरच्या खिडक्या उघड्या हव्यात. नंदूने यंत्र आणलंय, महागाचं. त्यातला हेपा फिल्टर धूळ पकडतो, वास नाही! वासाला सक्रिय कोळसा लागतो, तोही भरपूर. कागदासारखा पातळ थर लवकर भरून जातो. एन-९५ मास्कही धूळच अडवतो, वास नाही. आणि ओझोन सोडणारं यंत्र घरात नकोच. लिंबाच्या वासाच्या फिनेलशी ओझोनची गाठ पडली की फॉर्मल्डिहाइड तयार होतं. म्हणजे ज्याला भ्यायचं तेच विकत आणायचं.

खरी भीती मला टॉवेलची वाटते. ती दिवसभर कानात बोळेही घालते, आणि गणपती जाऊन महिना होऊन गेला. २००३ मध्ये फॉर्मबी आणि सहकाऱ्यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या लोकांना दोन आठवडे बोळे घालायला लावले, तर त्यांना साधे आवाज मोठे वाटू लागले. मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर घाल, घरात काढ, असं सांगितलं. घरातला काळा चष्माही तसाच, आणि दाराखालचा टॉवेलही तसाच, असं मला वाटतं: जितकं टाळावं तितकं सोसेनासं होतं. दार रोज दहा मिनिटं उघडं ठेवायचं, आठवड्याने वीस, तेही दमा नाही हे कळल्यावरच. ती चिडली. "तूही दिन्यासारखाच" म्हणाली. यापेक्षा मोठी शिवी तिला सुचली नसणार.

त्यात समोरच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर येतोय. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच सांगितलंय की अशा लहरींनी त्रास होतो म्हणणाऱ्यांची लक्षणं खरी, पण लहरींशी त्यांचा संबंध दिसलेला नाही. हे तिला आत्ता सांगणार नाही. आधी गीझर.

पोरीचं लग्न ठरलं हे अण्णांकडून कळलं, फार आनंद झाला. नाशकातलं घर विकलंस का? आणि पर्वतीच्या पायऱ्या १०३च आहेत.

शनिवारी वैजूकडे जातोय, गीझरवाल्याला घेऊन. तू तिला फोन कर. 'मन' हा शब्द काढू नकोस, झोप लागते का एवढं विचार. आणि दिवाळीला येशील तेव्हा कानात अत्तराचा फाया घालून आलास, तर ती जिन्यातूनच परत पाठवेल आणि मी दार उघडणार नाही.

तुझा,
बाळ्या