सरकणारं बेट

सॅलिसबरी, मेरीलँड
१२ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबा आणि आई,

साष्टांग नमस्कार.

बाबा, गेल्या रविवारी अ‍ॅसटीग बेटावर जाऊन आले. तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात होतं, फोनवर सांगून भागलं नसतं. तुम्ही वर्गात फळ्यावर पुळण, वाळूचा दांडा आणि खाजण काढून दाखवायचात ना, तो सगळा फळा मी परवा पायाखाली घातला.

अ‍ॅसटीग म्हणजे अटलांटिक आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये आडवा पडलेला वाळूचा पट्टा. लांबी साधारण ६० किलोमीटर. वरचा भाग मेरीलँडचा, खालचा व्हर्जिनियाचा. रुंदी काही ठिकाणी इतकी कमी की रमतगमत चाललं तरी थोड्याच वेळात पलीकडचं पाणी लागतं. पूर्वेला लाटा, पश्चिमेला उथळ, शांत खाजण. मध्ये वाळूच्या टेकड्या, झुडपं, पाइनचं रान, मग खाऱ्या पाण्याची दलदल. खडक नावालाही नाही. रानटी घोडेही आहेत इथे, दलदलीतलं खारट गवत खाऊन जगणारे. आईला त्यांचे फोटो पाठवलेच आहेत.

टेकड्यांवर एक गवत वाढतं. वाळूत गाडलं गेलं की मरायचं सोडून ते आणखी वर येतं, आणि वाऱ्याबरोबर येणारी वाळू पुन्हा त्याच्या पात्यांत अडकते. टेकडी अशी चढत जाते. वाऱ्याने पातं वाकून त्याचं टोक वाळूवर फिरत होतं आणि बुंध्याभोवती कंपासने काढावं तसं वर्तुळ उमटलं होतं. मी बराच वेळ तिथेच बसून होते.

मग खाली लाटांशी आले, आणि जे सापडलं त्याच्यासाठीच खरं तर हे पत्र. एक कालवाचा शिंपला. जाडजूड, खडबडीत, आणि शाईत बुडवल्यासारखा काळा. बाबा, इथली कालवं खाजणाच्या शांत पाण्यात वाढतात, उघड्या समुद्राच्या लाटांत ती टिकत नाहीत. मग हा समुद्राच्या बाजूला कसा? जरा पुढे चिखलाचा एक काळपट, घट्ट थर लाटांनी उघडा पाडला होता आणि त्यातून गवताची मुळं बाहेर डोकावत होती. दलदलीतल्या गवताची! म्हणजे आज मी जिथे उभी होते तिथे पूर्वी खाजणाचा काठ होता. शिंपला जागचा हलला नव्हता, बेटच त्याच्या अंगावरून पलीकडे गेलं होतं. इतकी वर्षं चिखलात पुरला गेला म्हणून तो काळा पडला.

हे घडतं वादळात. मोठ्या लाटा टेकड्यांमधल्या सखल जागेतून आत घुसतात, पुढची वाळू उचलतात आणि मागे खाजणाच्या बाजूला पंख्यासारखी पसरून टाकतात. पुढे झीज, मागे भर. त्या भरीवर पुन्हा दलदल धरते. समुद्राची पातळी वाढते आहे आणि इथली जमीनही हळूहळू खचते आहे, तरी बेट बुडत नाही, मुख्य भूमीकडे सरकतं. याला कुणी नुकसान म्हणू लागलं की मला आता राहवत नाही. सरकणं हेच त्याचं जगणं आहे.

नुकसान झालंय ते उत्तर टोकाला, आणि ते माणसाच्या हाताने. ऑगस्ट १९३३ च्या चक्रीवादळात खाजणात तुंबलेलं पाणी समुद्राकडे फुटलं आणि ओशन सिटी गावाच्या दक्षिणेला जमीन चिरली गेली. तोवर अ‍ॅसटीग त्या गावाला जोडलेलं होतं. बोटींना वाट मिळाली म्हणून ते तोंड बुजू नये यासाठी दोन्ही बाजूंना दगडी बांध घातले. पण इथली वाळू किनाऱ्याच्या कडेने उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. ती बांधाशी आणि त्या तोंडात अडकली. गावाची पुळण रुंदावली, आणि खाली अ‍ॅसटीगचं टोक वाळूवाचून उपाशी राहिलं. आज ते आपल्या स्वतःच्या रुंदीहून जास्त मागे गेलेलं आहे. पलीकडून पाहिलं की दोन किनारे एका रेषेत नाहीत हे डोळ्यांना दिसतं, नकाशा लागत नाही. २००४ पासून वर्षातून दोनदा जहाज अडकलेली वाळू उपसून त्या टोकासमोर पाण्यात सोडतं, म्हणजे लाटा ती किनाऱ्याकडे आणतात. अडवलेला घास हाताने भरवायचा.

या बेटावर एक शहरही वसणार होतं. १९५० च्या दशकात डांबरी रस्ता झाला, हजारो भूखंड विकले गेले. मार्च १९६२ मध्ये वादळ आलं आणि सलग पाच भरत्या ठाण मांडून बसलं. रस्ता गेला, बहुतेक घरं गेली. १९६५ मध्ये सरकारने हा किनारा राखीव केला. टेकड्यांमधल्या पायवाटेवर त्या रस्त्याचे तुकडे अजून दिसतात. कडा तुटलेलं, वाळूत अर्धवट गाडलेलं काळं डांबर. मी त्यावर उभी राहिले तेव्हा नीट पावलंही मावत नव्हती.

आता तिथे पक्कं बांधकाम मुद्दाम टाळतात. पुळणीवरच्या कपडे बदलायच्या खोल्या उचलून नेता येतात, किनारा मागे आला की त्याही मागे. मला हे फार पटलं.

शिंपला मी तिथेच ठेवला, फोटो सोबत आहे. मागच्या कडेला एक निळसर डाग आहे, तिथे कालवाचा स्नायू चिकटलेला असतो. भिंगातून पाहा, बाबा. हिवाळ्यातलं पहिलं मोठं वादळ ओसरलं की मी पुन्हा जाणार आहे. पाणी कुठून आत शिरलं आणि वाळू कुठवर पसरली ते पावलांनी मोजून कळवते.

आईच्या गुडघ्याचं काय म्हणणं आहे ते लिहा.

तुमची,
सई