काकू, तुमच्या खिचडीतलं सांबार

काकू, नमस्कार. तोंडावर काही बोललं की तुम्ही "जाऊ दे वं, कायले" म्हणून विषय बदलता, म्हणून इथं लिहिते. मोबाइलमध्ये बोलून बोलून लिहितेय, चुकलं तिथं माझ्या मोठ्या पोरीनं दुरुस्त केलं.

बाहेरच्या लोकांसाठी आधी सांगते. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात. दिवाळीनंतर कापूस वेचणी जोरात सुरू झाली की सकाळी आठला ऑटोत बसायचं, दिवसभर वेचायचं, संध्याकाळी धुऱ्यावर काटा होतो, जेवढे किलो तेवढे पैसे, आपला नंबर येईस्तोवर अंधार पडतो अन घरी पोचायला साडेसात-आठ. शाळा सुटते पाचला. दुपारी शाळेत खिचडी मिळते, त्याची तक्रार नाही, पण एक वाजता खाल्लेलं लेकरू रात्री नऊपर्यंत कशावर राहील? पाच रुपयाच्या पुड्यावर राहायचं, दुसरं काय. दोन वर्षांपूर्वी एकदा मी आली तर लहाना उंबऱ्यावर झोपलेला, मुठीत रिकामा पुडा, अन आत मोठी पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) पेटवून भात शिजवत होती, पेज सांडून मनगट भाजलेलं. रडली नाही, फक्त म्हणे "माय, मीठ संपलं."

तेव्हाच तुम्ही समाज मंदिरात संध्याकाळचा वर्ग सुरू केला होता, अभ्यास अन गरम जेवण. तुम्ही आमच्या घरी सांगायला आल्या अन मी काय बोलली ते आठवलं की आजही मान खाली जाते. "आमच्या लेकराईले काय आम्ही उपाशी मारतो का, फुकटचं नाही लागत आम्हाले." शेजारीण ऐकत होती म्हणून अजूनच जोरात बोलली. तुम्ही रागावल्या नाहीत, भाषणही दिलं नाही. म्हणाल्या, "फुकट कोण देऊन राहिलं? माह्या खिचडीत सांबार नाही, तुह्या वाडीत आहे. पोराच्या हाती जुडी पाठव." (पुण्यामुंबईच्या लोकांनी इडलीवालं सांबार समजू नये, आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो.)

दुसऱ्या दिवसापासून लहाना सांबाराची जुडी घेऊन जायला लागला, पाटलाचा पोरगा मोठं काम घेऊन निघाल्यासारखा. मग कळलं तुम्ही सगळ्यांनाच असं काहीतरी मागितलंय, कोणाला पोपटाच्या (वालाच्या) शेंगा, कोणाला तुरीची डाळ, ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना विहिरीचं पाणी भरायला. सिलेंडर अन तेल मात्र तुमच्या पेन्शनीतून जायचं, हे तुम्ही कधीच सांगितलं नाही, काकाजींनी सांगितलं.

मोठी येत नव्हती. ती नववीत, तिला वाटे हे लहान पोट्ट्यांचं आहे. एका बुधवारी शर्ट धुताना लहान्याच्या खिशाला पिवळा डाग दिसला, मी दोन धपाटे दिले, तर म्हणे ताईसाठी अर्धं अंडं आणलं होतं. तुम्हाला ते आधीच दिसलं होतं म्हणे, तुम्ही त्याला काहीच बोलल्या नाहीत, सरळ मोठीला बोलवायला आल्या. तेव्हा तुम्ही जे सांगितलं ते मला माहीतच नव्हतं, की शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंतच आहे. पहिली ते पाचवीच्या लेकराला दिवसाला 100 ग्रॅम धान्य अन 20 ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीला 150 अन 30, अन नववीत गेली की काहीच नाही. "पोरगी वाढून राहिली तवाच ताट बंद," असं म्हणून तुम्ही चुलीकडे पाहत बसल्या होत्या. माझी मोठी सकाळी अर्धी पोळी खाऊन जायची अन थेट रात्री जेवायची, अन मी म्हणायची हिचं अभ्यासात लक्ष नाही!

अजून एक. सुरुवातीला तुम्ही आधी शिकवायच्या अन मग वाढायच्या, तर सगळी पोट्टी गंजाकडेच (खिचडीच्या पातेल्याकडे) पाहायची, पाढे कोण म्हणते. तुम्ही आठ दिवसात उलटं केलं, साडेपाचला आधी जेवण, मग पाटी-पुस्तक. आता लहाना सतराचा पाढा म्हणतो, मला येत नाही. शनिवारी शाळा सकाळची असते, त्या दिवशी तुम्ही दुपारीच दार उघडता, म्हणून लेकरू विहिरीकडे तर गेलं नसेल, या काळजीनं मला वावरात हात थांबवावा लागत नाही. काट्यावर माझे दोन किलो जास्त भरतात, हे खोटं नाही.

गावात अजूनही एकदोघं म्हणतात, सवयी लावून राहिल्या. म्हणू द्या. त्यांची नातवंडं पण येतात की, मी नाव घेत नाही.

काकू, तेव्हाचं माझं बोलणं पोटात घाला. तुमचा मोठा गंज आमच्याकडेच आहे, त्याचा कान निघाला होता तो ह्यांनी वेल्डिंग करून आणलाय, उद्या लहान्यासोबत पाठवते. अन तूर निघाली की दोन पायल्या तुमच्याकडे टाकणार आहे, तेव्हा "कायले वं" म्हणायचं नाही.