दहा मैलांचा दिवस

चि. सौरभ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवसभर बोटीतून जेमतेम दहा मैलांची ये-जा झाली असे फोनवर सांगितले तेव्हा तू हसलास आणि "पायी गेला असतात तर आधी पोहोचला असतात" म्हणालास. ते अगदी खरे आहे. इंग्लंडमधल्या या केनेट-एव्हन कालव्यावर वेगमर्यादाच ताशी 4 मैलांची आहे, आणि काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही सावकाश जावे लागते, नाहीतर त्यांचे दोर ताणले जातात. कुत्र्याला फिरवणाऱ्या एका आजीबाई आम्हाला मागे टाकून गेल्या, आणि तुझ्या आईने त्यांना हात करून निरोपही दिला.

ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनहून मेघनाने भाड्याने घेतलेली बोट लांबच लांब, पण रुंदीला सात फुटांहून कमी होती. निघण्यापूर्वी तिथल्या लॉकपाशी, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या हौदापाशी, एका कुटुंबाला मदत केली. दरवाजाच्या लाकडी तुळईला पाठ लावून मी जोर करत होतो, दरवाजा तसूभर हलेना. दोन्हीकडचे पाणी सारखे झाले मात्र, तोच दरवाजा अलगद सरकू लागला. नीरा डाव्या कालव्यावर आयुष्य गेलेल्या माणसाला याचे अप्रूप वाटणारच. आमचा सारा जीव टेलपर्यंत, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत, पाणी वाहते ठेवण्यात गेला, आणि इथे पाणी उभे राहावे म्हणून डोंगराच्या कडेकडेने एका पातळीत कालवा खोदलेला! एक बोट लॉकमधून खाली उतरली की काही लाख लिटर पाणीही उतरते. ते भरून काढायला क्लॅव्हर्टनला 1813 पासून एव्हन नदीच्याच जोरावर पाणचक्की फिरवून नदीचे पाणी वर कालव्यात चढवत असत. वीज नाही, कोळसा नाही. मला तर ही युक्ती साऱ्या कालव्याहून थोर वाटते.

सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, हे कळूनही हाताला पटत नाही. त्यामुळे मी पहिल्याच वळणावर बोट लव्हाळ्यात घातली आणि बांबूने रेटून ती बाहेर काढताना जावईबापूंचे बूट चिखलाने माखले. पुढे ॲव्हनक्लिफ आणि डंडास असे दोन जलसेतू, म्हणजे कालवाच पलीकडे नेणारे पूल, लागले, दोन्ही जॉन रेनी या अभियंत्याने बांधलेले. डंडासवर आम्ही पाण्यावर तरंगत होतो, खाली एव्हन नदी वाहत होती आणि तिच्या बाजूने रेल्वेगाडी गेली. 1810 मध्ये पूर्ण झालेल्या या कालव्याचा धंदा रेल्वेनेच बुडवला आणि तो पडीक झाला. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे राबून गाळ उपसला, तेव्हा कुठे 1990 मध्ये तो पुन्हा खुला झाला.

परतीला सुकाणू तुझ्या आईने धरले. तिने बोट कुठेही घातली नाही, आणि हे ती तुला स्वतः सांगेलच.

तुझे,
बाबा