हिंगणघाटहून पत्र

हिंगणघाट
२० जानेवारी

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

अखेर आज हिंदुस्थानची मोठी त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणाऱ्या विल्यम लॅम्बटनच्या कबरीपाशी जाऊन आलो. २० जानेवारी १८२३ ला तो इथंच वारला, म्हणून मुद्दाम आजचा दिवस धरला. पण तिथं उभा असताना मनात सारखा येत होता त्याचा मदतनीस, जॉर्ज एव्हरेस्ट.

मूळचा तोफखान्यातला माणूस रे तो! १८०६ साली पोरवयातच कंपनीच्या बंगाल तोफखान्यात दाखल झाला. तोफ लावायची तर अंतर आणि कोन अचूक हवेत. बहुधा तिथूनच मोजणी अंगात भिनली असावी. जावा बेटाची मोजणी केली आणि १८१८ मध्ये लॅम्बटनच्या हाताखाली आला. कृष्णा-गोदावरीच्या मधल्या रानात तापानं असा झोपला की हवापालटासाठी दक्षिण आफ्रिकेतल्या केपला जावं लागलं.

लॅम्बटन गेल्यावर सगळा भार याच्यावर पडला. वय बत्तीस. वऱ्हाडातून उत्तरेकडे मध्य प्रदेशातल्या सिरोंजपर्यंत काम रेटलं, तेव्हा हातपाय इतके लुळे पडले होते की वेध घ्यायला दोन माणसं त्याला उचलून यंत्रासमोर बसवत आणि वेध संपला की उचलून बाहेर काढत. आपण भर उन्हात बांधावर मोजणीची साखळी ओढली आहे, सुधाकर. म्हणूनच हे वाचताना माझा गळा दाटून आला.

पाच वर्षं विलायतेत काढून १८३० ला तो सर्व्हेअर जनरल होऊन परतला. गंगा-यमुनेच्या सपाटीत ना टेकडी, ना धुळीतून पलीकडचं दिसण्याची सोय. मग मोठमोठे मनोरे बांधले आणि रात्री दिवे लावून वेध घेतले. यंत्रांची दुरुस्ती अर्काटच्या सय्यद मोहसीनकडे, आकडेमोड राधानाथ सिकदारांकडे. एव्हरेस्ट फार तापट होता, पण या दोघांचं मोल त्यानं ओळखलं, हे मला फार मोठं वाटतं. कन्याकुमारीपासून मसुरीपर्यंतचा कंस, म्हणजे दक्षिणोत्तर रेषेवरची सलग मोजणी, पुरा करून १८४३ ला तो निवृत्त झाला.

शिखराला त्याचं नाव सुचवलं ते त्याच्यानंतर सर्व्हेअर जनरल झालेल्या अँड्र्यू वॉनं, १८५६ मध्ये. खुद्द एव्हरेस्टनं हरकत घेतली होती: हे नाव हिंदीत लिहिता यायचं नाही, इथल्या लोकांना उच्चारताही यायचं नाही. तो स्वतः 'ईव्हरेस्ट' म्हणे. मला तर शिखरापेक्षा तो उचलून बसवलेला माणूसच डोळ्यांपुढे दिसतो.

पुढच्या थंडीत सिरोंजला जायचं म्हणतोय. येशील ना? वहिनींना विचारून लगेच कळव.

तुझा,
अविनाश