आई-बाबांना पत्र : कराराचा सातबारा

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, आपल्याकडे कुणाला बेकायदा डांबलं तर थेट जिनिव्हाला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांकडे, तक्रार करता येते का, आणि येत नसेल तर एलएलएमला हे शिकायचं कशाला. फोनवर ते नीट सांगता आलं नसतं.

आंतरराष्ट्रीय करार सातबाऱ्यासारखा वाचायचा. नाव बघून भागत नाही, बोजा ‘इतर अधिकार’मध्ये असतो. संयुक्त राष्ट्रांच्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात भारत १० एप्रिल १९७९ ला सामील झाला. त्याच्या कलम ९ मध्ये बेकायदा अटक झालेल्याला भरपाईचा हक्क आहे. नवखे विद्यार्थी तेवढं वाचून निबंध लिहायला बसतात आणि तिथेच मार्क जातात. कारण सामील होतानाच भारताने लिहून दिलंय की अशी भरपाई सरकारकडून वसूल करण्याचा हक्क आमच्या कायद्यात नाही.

वैयक्तिक तक्रारीचा तर कागदच वेगळा, पहिला ऐच्छिक प्रोटोकॉल, म्हणजे त्याच कराराला जोडलेला वेगळा करार. तो भारताने घेतलेला नाही, त्यामुळे करारावर देखरेख करणारी १८ जणांची मानवी हक्क समिती आपल्या माणसाची भारताविरुद्धची तक्रार दाखलच करून घेत नाही. (ब्रिटननेही घेतलेला नाही बरं का!) छळविरोधी करारावर भारताने १९९७ साली सही केली, पण मंजुरी अजून दिलेली नाही. आई, साखरपुडा झालाय, लग्न नाही.

तरी एक दार उघडं आहे: मनमानी अटकेबाबतचा संयुक्त राष्ट्रांचा कार्यगट. पाच तज्ज्ञ. देशाने करार मान्य केलेला असो-नसो, देशातली सगळी कोर्टं पालथी घातलेली असोत-नसोत, अर्ज चालतो. अर्ज कच्चा राहतो तो तपशिलात. लोक अन्यायावर पानंच्या पानं लिहितात, पण अटक कोणत्या तारखेला, कुणी केली, वॉरंट दाखवलं का, कुठलं कलम लावलं, माणूस कुठे ठेवलाय, हे सुटतं. शिवाय त्याची किंवा घरच्यांची संमती लागते. सरकारला उत्तराला ६० दिवस मिळतात. पुढे मत येतं. बेलिफ पाठवून त्याची अंमलबजावणी होत नाही.

म्हणून मला आपलंच सुप्रीम कोर्ट जास्त भरवशाचं वाटतं. ओडिशातल्या नीलाबती बेहरा यांचा मुलगा पोलीस कोठडीत मरण पावला. त्यांनी कोर्टाला साधं पत्र लिहिलं, कोर्टाने तेच याचिका मानलं आणि १९९३ मध्ये दीड लाख भरपाई दिली. निकालात आधार कशाचा घेतला? त्याच कलम ९ चा! कोठडीतल्या मृत्यूंबाबतच्या डिसेंबर १९९६ च्या डी. के. बसू निकालात तर कोर्टाने म्हटलं की भारताच्या त्या राखीव भूमिकेला आता अर्थ उरलेला नाही. सातबाऱ्यावर बोजा तसाच, कोर्टाने मात्र तो मोजायचं सोडलं.

बाबा, त्याच निकालाने अटकेचा पंचनामा सक्तीचा केला. त्यावर वेळ, तारीख, घरच्या किंवा गल्लीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष आणि अटक झालेल्याची सही लागते. तुम्हाला कुणी कधी साक्षीला बोलावलंच, तर वेळेचा रकाना भरलेला बघूनच सही करा.

तुमची,
धाकटी